ताडून बघायला

बायको गेली तेव्हा तिने केलेल्या स्ट्रॉबेरी जॅमची एकच बरणी मागे उरली. हुबेहूब तसाच जॅम जमवायचा, असा घड्याळजींनी चंगच बांधला. घट्टपणासाठी उकळत्या रसात लिंबाच्या बियांची पुरचुंडी सोडून झाली, मूठभर अर्धकच्ची फळं घालून झाली. पण कधी तो पाण्यासारखा पळायचा, तर कधी त्यात चमचा उभा राहायचा. दर खेपेला ते तिच्या बरणीतलं बोटभर चाखून ताडून बघायचे आणि मान हलवायचे.

"बाबा, जॅम घट्ट करायला बाजारात पेक्टिन मिळतं. टाका चमचाभर आणि सुटा," लेक म्हणाली.

"तुझी आई टाकत नव्हती."

"मग काय टाकायची?"

"कधी विचारलं नाही."

आज मात्र थंड बशीवरचा थेंब बोटाने सारताच छान सुरकुतला, म्हणजे जॅम जमला होता. लेकीने उकळून ठेवलेली बरणी त्यांनी काठोकाठ भरली, पातेल्याला लागलेलं चाखलं आणि तसेच खुर्चीत बसले.

"हाच तो. खात्रीपुरती आईची बरणी दे बघू."

 

"ती होय? तळाशी चमचाभरच उरलं होतं, म्हणून मीच घासून उकळली. आत्ता भरलीत ना, तीच."