सातवी बरणी

सातव्या बरणीचा आकडा बाकीच्या अकरा बरण्यांच्या दुप्पट आला, तेव्हा मॅडमनी चष्मा काढून थेट चिमणीकडे पाहिलं.

"झाकण लावताना बोललीस ना?"

चिमणी म्हणजे चार महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेत आलेली विद्यार्थिनी. हे नाव का पडलं ते सांगायला नको, तिची टकळी दिवसभर चालू असे. आणि या खोलीत तर एकच नियम होता, बरणी बंद होईपर्यंत श्वास रोखायचा. बरण्यांमध्ये हजारो वर्षं गोठून राहिलेली माती होती. ती वितळली की आतले जिवाणू जागे होतात आणि त्या काळचं, कुजायचं राहून गेलेलं गवत खायला लागतात. त्यातलं किती वायू होऊन हवेत जातं आणि किती नव्या मुळांना खत म्हणून मिळतं, हे मोजायचं होतं. माणसाच्या उच्छ्वासातही नेमका तोच वायू. उघड्या बरणीवर कुणी एक वाक्य बोललं तरी आकडा बिघडलाच.

"एवढंसं काम, तेही जमत नाही?" मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून बरण्यांना हात लावायचा नाही. शेजारच्या खोलीत बस आणि कॉम्प्युटरवर आकडे भर."

चिमणीचं तोंड एवढंसं झालं. या मातीसाठीच तर ती घरदार सोडून इतक्या लांब आली होती. तरी ती मान खाली घालून उभी राहिली.

कोपऱ्यात काचेच्या नळ्या धुणाऱ्या काकूंचे हात थांबले. एकतीस वर्षं त्या इथे मदतनीस होत्या. श्वास कसा रोखायचा हे आल्यागेल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलेलं. मॅडमनासुद्धा, त्या विद्यार्थिनी होत्या तेव्हा. बरणीवर शिंकल्या म्हणून काकूंनी त्यांना एकदा चक्क खोलीबाहेर काढलं होतं. असा दरारा.

काल चिमणीची बोटं गारठली, ती हात कोमट पाण्यात धरायला गेली आणि तेवढ्यात सातव्या बरणीचं झाकण काकूंनी लावलं. चिमणीला हे ठाऊक होतं. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. पण जिला गप्प बस, गप्प बस म्हणून सगळे थकले, ती पोर नेमकी आज गप्प होती. काकूंनी हातातली नळी खाली ठेवली. इतक्या वर्षांचं नाव जाणार याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. मग त्यांनी कोटाला हात पुसले.

"मॅडम, चोर सोडून संन्याशाला फाशी नको. सातवीचं झाकण मी लावलं. आणि बोलले पण मीच."

"काकू, तुम्ही?" मॅडमना हसावं की रागवावं कळेना. "काय बोललात?"

"काही नाही हो. माती वितळली आणि तिला वास सुटला. ओला, ताजा. इतकी वर्षं मेल्यासारखी पडलेली ती... गेलं आपलं तोंडातून निघून."

"काय, पण?"

काकू लाजल्या. "उठा रे बाळांनो, पुष्कळ झोपलात."

चिमणीने ओठ घट्ट मिटून घेतले, पण तिचे खांदे हलायला लागले. मॅडमनी वहीत सातव्या आकड्यावर रेघ मारली. कारणाच्या रकान्यात 'उच्छ्वास' एवढंच लिहिलं. कुणाचा ते लिहिलं नाही.

मग त्यांनी फ्रीझरमधून त्याच मातीचा तुकडा काढला. तेवढा एकच उरला होता, आता चुकून चालणार नव्हतं. तो ताटलीत वितळेपर्यंत दुपार झाली. तिघी टेबलाशी आल्या. रिकाम्या बरणीचं झाकण मॅडमनी स्वतःच्या हाताने चिमणीकडे दिलं. ते पाहून काकू दोन पावलं मागे सरकल्या, तर मॅडमनी त्यांना दंडाला धरून पुढे ओढलं.

"काकू, माती अजून ताटलीतच आहे. काय हाक मारायची ती आत्ता मारून घ्या. मग आपण तिघी श्वास रोखू."