नाव पुकारतील

“आजी, सकाळपासून इथेच? कुठलं विमान?” विमानतळावर फरशी पुसणाऱ्या बाईनं विचारलं. आजीनं पाठ केलेलं शहर सांगितलं. पडद्यावर त्या नावापुढे ‘उड्डाण झाले’ झळकत होतं. “अहो, ते गेलं!” “जाईल कसं? मुलगा, सून सामान द्यायला गेलेत. तिकिटं त्यांच्याकडेच. नाव पुकारल्याशिवाय हलायचं नाही, बजावलंय त्यानं.” तिनं कानातलं नवंकोरं यंत्र दाखवलं. “हाक चुकू नये म्हणून कालच घेऊन दिलं. मला मेलीला वाचता कुठे येतं!” “इथे आता नावं पुकारतच नाहीत. सगळं पडद्यावर.” “मला सांगतेस? लेक इथलाच साहेब; पुकारणं बंद करून पडदे त्यानंच बसवलेत. गोंगाट खपत नाही त्याला. पण आईसाठी हाक मारायला लावेल की!” बाईच्या हातातला मॉप थांबला. तोंडातून शब्द फुटेना. “जरा मोठ्यानं बोल गं,” आजी यंत्र चाचपत म्हणाली, “अजून सवय नाही.”