दुधाची दाढ

तिसरीतल्या लेकीची दाढ ठणकायला लागली की आई तिला मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला लावायची आणि म्हणायची, “दुधाची आहे गं. पडेल, मग नवी येईल.” दवाखाना उघडा असायचा तेव्हा ती शिलाईच्या कारखान्यात असायची. रजा मागायची तिची छाती होत नव्हती, कारण शेजारणीने पोराच्या तापासाठी रजा घेतली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या मशीनवर भलतीच बाई बसलेली. पडणाऱ्या दाढेपायी हातची नोकरी कोण घालवेल? पोरगीही गुणाची. एका बाजूने चावायला शिकली आणि दाढ हलते का, ते रोज जिभेने चाचपून बघायची.

गाल टम्म सुजला, पोर तापाने फणफणली, तेव्हा मात्र आईने मशीनवर पाणी सोडलं आणि तिला दवाखान्यात नेलं. दाढ काढावीच लागली. लेकीला बाहेर बाकावर बसवून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “इतके दिवस काय करत होतात?”

“दुधाची आहे म्हणून थांबलो.”

“ती दुधाची नव्हती हो. ही दाढ सहाव्या वर्षी सगळ्या दातांच्या मागे येते, आधीची कुठलीच न पडता. म्हणून कळत नाही. ती जन्मभराची होती.”

आई बाहेर आली ती डोळ्यांना ओढणी लावूनच. लेकीने तिला हाताला धरून शेजारी बसवलं आणि गालातला कापसाचा बोळा सांभाळत म्हणाली, “रडतेस कशाला? पडली ना एकदाची. आता नवी येईल.”