बोटभर भेग

"घरामागच्या डोंगराची भेग महिन्यात बोटभर रुंदावलीय," सासूबाई फोनवर म्हणाल्या, तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली सून हसली होती. "बोट म्हणजे पंधरा मिलिमीटर. दिवसाला जेमतेम अर्धा. गोगलगायसुद्धा हसेल, आई."

आज दुपारी त्यांचाच फोन आला. "सकाळपासून चार बोटं वाढली गं."

साठ मिलिमीटर, पाच तासांत. म्हणजे तासाला बारा. बाळाला थोपटणारा तिचा हात थांबला.

"आई, आत्ताच्या आत्ता खाली शाळेत जा."

"घाबरतेस काय? तूच म्हणालीस ना, गोगलगाय हसेल. म्हशीची धार काढते, मग बघू."

फोन तुटला, तो पुन्हा लागेना. तिने दिसेल त्या ग्रुपवर लिहिलं, "करंजवाडीजवळ कुणी असाल, तर डोंगराकडच्या शेवटच्या घरात डोकवा. सासूबाईंना सांगा, सुनेचं गणित चुकलं."