टिटवीचा खेळ

दुपार कलली तरी घर पेंगतच होतं. फहमिदानं परात पुढ्यात ओढली, आणि कणीक मळताना काकणांची किणकिण झाली. पाच वर्षांची नूरी ताडकन उठून बसली.

"अम्मी, सुरू झालं?"

दरवर्षी संभाजीनगरला बॅलेवाल्यांचा टिटवीचा खेळ लागला की फहमिदा लासूरहून जाणार म्हणजे जाणार, आणि दुसऱ्या दिवशी परातीपाशी लेकीला तो करून दाखवणार.

"काय भाभी," नणंद सगीरा पडल्या पडल्या म्हणाली, "यंदा तरी कंपनीनं नोकरीवर घेतलं का नाय?"

"घेतलं की, दारापाशी बसायला! खेळ अर्ध्यात सोडून साडेआठच्या शेवटच्या बसला पळायला बरं."

फहमिदाचे खांदे भरून आले होते, डोळे झोपेनं जड झाले होते. तरी कणकेनं माखलेले हात पंखांसारखे उघडले. यंदा टिटवी झालेली पोरगी नवी होती. पाय अजून कच्चे, पण मान अशी वळवायची की बघणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी. पिल्लांना माळावर ठेवून टिटवी पाणी शोधायला निघते. तळं कोरडं, विहीर कोरडी, ती आपली पुढं पुढं उडतेच आहे...

दरवर्षी इथवर येईतो नूरी झोपून जायची आणि फहमिदा सुटायची. यंदा पोरीचे डोळे टक्क उघडे होते.

फहमिदाचे हात हवेतच थांबले. इतक्या वर्षांत शेवटचा पडदा पडताना तिनं एकदाही पाहिला नव्हता.

"सांग ना, अम्मी. टिटवी पिल्लांकडं परत आली का?"