हंडीतली घंटी

जोतीरामनं पंपाचा दांडा वर-खाली हाणायला सुरवात केली. काचेच्या हंडीतली हवा पंपानं उपसली, की आतल्या विजेच्या घंटीचा आवाज भायेर येत न्हाई, एवढाच त्येचा पाठ. चौऱ्याहत्तर सालच्या बी.एड.चा शेवटचा. मिरजेतल्या एका शाळेतला नववीचा वर्ग त्येला दिलेला, आन मागच्या बाकावर परीक्षक बसलेला. पास झाला तर मेढ्याच्या हायस्कुलात पदार्थविज्ञानाच्या मास्तराची जागा त्येचीच. न्हाई झाला तर कडेगावला घरचा ऊस हाय आन तो हाय.

पोरं त्येनं कालच पढवून ठेवली हुती. समदेच ठेवत्यात. मी हात वर केला की म्हणायचं, आवाज बंद झाला.

दांडा हाणून हाणून दंडाला गोळा आला. घंटी आपली खणखण वाजतीयच. हवा कुठनं तरी परत आत शिरत हुती. जोतीरामनं कपाळाचा घाम पुसायला हात वर नेला.

पोरांनी वळखलं. पन्नास तोंडं एकदम वरडली, "आवाज बंद झाला, सर!"

घंटी वाजत हुती.

"छान," परीक्षक म्हणाला. त्येची मान कागदात. त्येनं मार्काचा आकडा टाकला. "चला पुढं."

जोतीराम फुडं गेला न्हाई. पयल्या बाकावरच्या पोरीला त्येनं उभं केलं. "रंगू, नीट ऐक आणि सांग. आवाज येतो की नाही?"

रंगूनं मागं परीक्षकाकडं बघितलं.

"अगं बोल की. वाजतीय का न्हाई?"

"वाजतीय की, सर." ती हळूच म्हणाली, "पण तुमास्नी पास व्हायचं हाय न्हवं?"

परीक्षकानं मान वर केली. "पोरं पढवून ठेवलीत काय हो?"

"व्हय, साहेब. कालच."

परीक्षकानं टाकलेला आकडा खोडला. जोतीरामनं ते बघितलं. मग बाह्या वर सारल्या.

"आता या समदी हिकडं. ही हवा कुठनं शिरतीय, हुडका बघू. धुळा, लेका, एवढा दांडगा हायस, पंप तू धर."

पोरं टेबलाला माश्यावानी चिकटली. कुणी काचेवर बोट फिरवतंय, कुणी कान लावतंय, कुणी नुसतंच ढकलतंय. रंगूनं गाल टेबलाला टेकवला.

"सर, हितं! हितनं सूं करतंय!"

हवा अडवायला हंडीच्या बुडाला व्हॅसलीन फासलेलं, त्यात बोटभर जागा कोरडी ऱ्हायली हुती. जोतीरामनं तितं व्हॅसलीन दाबून भरलं. "हाण गड्या!"

धुळानं दांडा हाणला. घंटी बारीक झाली. आणखी हाणला. आणखी बारीक.

भायेर टोल पडला. परीक्षक घड्याळ बघत टेबलापाशी आला. "वेळ संपली. अहो, मी काय म्हणतो..."

रंगूचा कान काचेला. मान वर न करताच तिनं त्येला हात केला.

"आवं, गप ऱ्हावा की वाइच! ऐकू द्या."