उमललेला गुलाब

थडग्यांचे दगड घडवण्यात म्हाताऱ्या पाथरवटाची हयात गेली होती. त्याचा शिरस्ता साधा होता. मोठं माणूस गेलं की दगडावर उमललेला गुलाब, लेकरू गेलं की मिटलेली कळी.

"बाळंतपणात दोघंही गेली," टक्कल पडलेलं गिऱ्हाईक म्हणालं. "बायकोसाठी चांगला टपोरा, उमललेला गुलाब काढा. बाळासाठी शेजारी कळी. जन्मतारखा नकोत, नुसती नावं."

"वय काय होतं त्यांचं?"

"लग्न झालेली बाई होती. वय कशाला हवंय तुम्हाला?" आणि फोन वाजला म्हणून तो बाहेर गेला.

दाराशी त्याची सासू बसली होती. खाली मान घालून ती पुटपुटली, "पुढच्या महिन्यात चौदावं लागलं असतं तिला."

"आणि तुम्ही दिलीत?"

पाथरवटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाईक परत आलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जे होतं तेच कोरीन."



आठ दिवसांनी गोणपाट ओढलं, तेव्हा दगडावर दोन कळ्या होत्या. आईची कळी बाळाच्या कळीहून जेमतेम बोटभर मोठी.